मिस रूबीचा बांध

मला मिस रूबीचा हेवा वाटतो. मुद्दा पहिल्याच ओळीत टाकायचा, हे मी चळवळीत पत्रकं लिहिताना शिकले. पत्रक वाचणारा रस्त्यात उभा असतो, त्याला दुसऱ्या ओळीपर्यंत थांबायची सक्ती नाही. दिवाळी अंकाचा वाचक निवांत बसलेला असतो म्हणतात, पण सवय जात नाही.

तर मिस रूबी ही माझी सहकारी. साउथ कॅरोलिनात, समुद्राच्या अलीकडे एका नदीकाठी भाताचं एक जुनं प्लँटेशन आहे. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं. मध्ये मालकाची पांढऱ्या खांबांची हवेली, मागे गुलाम करून आणलेल्या माणसांच्या विटांच्या खोल्या, आणि पलीकडे नदीपर्यंत पसरलेली खाचरं. आता हे सगळं सरकारी ऐतिहासिक उद्यान आहे. तिकीट काढायचं, गाईडबरोबर फिरायचं, शेवटी गिफ्ट शॉपमधून मध घ्यायचा. मी तिथली गाईड. सोलापूरकडची पोरगी, इथे इतिहासात मास्टर्स करायला आले, शिकताना इंटर्न होते आणि आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर आहे. माझ्याबरोबर आलेले सगळे जण क्युपर्टिनो नाहीतर जर्सी सिटीत कोड लिहितात. मी मगरी असलेल्या तळ्याच्या काठी उभी राहून लोकांना सांगते, कृपया कुंपणाच्या आत राहा.

गाईडचं काम बाहेरून सोपं दिसतं. ते आधी उन्हाचं काम आहे. पाहुण्यांची पाठ उन्हाकडे आणि आपलं तोंड उन्हाकडे, नाहीतर ते डोळे बारीक करत राहतात आणि ऐकत नाहीत. कुणी रडलं तर पाणी द्यायचं, मिठी मारायची नाही. ‘स्लेव्ह’ म्हणायचं नाही, ‘एन्स्लेव्ह्ड पीपल’ म्हणायचं. फरक लहान वाटतो, पण पहिल्या शब्दात माणूस तसा जन्मलेला असतो आणि दुसऱ्यात त्याच्यावर कुणीतरी ते केलेलं असतं. हा फरक मला ताबडतोब पटला. आमच्याकडे अजून पटवतोय. आणि एक नियम सगळ्यात वरचा: पाहुण्यांना गुलामांची भूमिका करायला लावायची नाही. ओझं उचलून बघा, साखळीचं वजन बघा, असले खेळ बंद.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. हवेलीच्या पायऱ्यांवर लग्नाचे फोटो काढायला येणारी जोडपी आहेत, त्यांना मागच्या खोल्या फ्रेममध्ये नको असतात. फक्त मगर बघायला आलेले आहेत. आणि दर शनिवारी निदान एक सद्गृहस्थ विचारतातच, “पण हा मालक त्यातल्या त्यात चांगला होता ना?” मी याच्यावर भाषण द्यायचे. मिस रूबी टोपी सारखी करून विचारायची, “कितपत चांगला असला तर तुम्हाला चालेल?” बस्स.

बघा, हे असं. मला पाच मिनिटं लागतात, तिला एक वाक्य.

माझी सुरुवातच चुकीची झाली होती. पहिल्याच महिन्यात मी घरी प्रिंट काढून हवेलीत आपलं पत्रक वाटलं. मथळा होता, ‘हे घर परत करा!’ उद्यानाचा मॅनेजर टॉम, सरळ माणूस, पत्रक घेऊन माझ्याकडे आला.

“रेका,” रेखा त्याला जमत नाही, “परत कुणाला करायचं?”

“जनतेला.”

“हे सरकारचं उद्यान आहे. जनतेचंच आहे.”

तो बरोबर होता, त्याचा राग मला अजून आहे. टॉमने मला शिक्षा केली नाही, हवेली दिली. म्हणजे चिनी मातीच्या बशा, झुंबर आणि मालकिणीचा पियानो. मागच्या खोल्यांची टूर मिस रूबीकडे. ती तिच्याकडेच असणार, कारण तिच्या आईच्या बाजूची माणसं त्याच खोल्यांमध्ये राहत होती. ती तिसऱ्या खोलीच्या दारात उभी राहते, भिंतीवरच्या नावांच्या फलकावर एका नावाखाली बोट ठेवते आणि म्हणते, “ही माझी.” यापुढे काय भाषण करणार कोणी?

माझीपण एक आहे. आम्ही माती वडार. गाडी वडार दगड वाहायचे, आम्ही मातीकाम करायचो: बांध, तलाव, धरणं. आमच्या भागात इंग्रजांच्या वेळचं एक धरण आहे. त्याच्या भिंतीत माझ्या पणजीच्या घरची दोन माणसं गेली आणि मागून ती स्वतःही तिथल्या मजुरांच्या वस्तीत तापाने गेली. वस्तीच्या मागे पुरलेल्यांच्या डोक्याशी बिननावाचे धोंडे उभे होते. धरणावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर साहेब इंजिनिअरचं नाव. खाली बाग, रंगीत कारंजं. बागेला गर्दी वाढली तेव्हा धोंड्यांच्या जागेवर पार्किंग करायचं ठरलं. आम्ही पत्रकं काढली, उपोषणाला बसलो, कलेक्टरांना भेटलो. ते म्हणाले, तिथे वस्ती होती याला पुरावा काय? आम्ही म्हटलं, धोंडे. ते म्हणाले, धोंडे कुठेही असतात. आता तिथे गाड्या लागतात.

हे डोक्यात घेऊन मी रोज बशा दाखवायचे आणि खिडकीतून मिस रूबीच्या मागे मान खाली घालून चालणारी माणसं बघायचे. तिच्याकडे भिंत आहे, फलक आहे, फलकावर पावसाचं पाणी पडू नये म्हणून सरकारने घातलेलं छप्पर आहे. त्याला मी सभ्य शब्दांत हेवा लिहिलंय. खरं तर मी जळत होते.

मग अर्विंगहून एक अनोळखी मराठी काका-काकू आले. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले, मुलगा त्यांना सुट्टीत समुद्र दाखवायला घेऊन आला होता. छातीवरची माझ्या नावाची पाटी वाचून काकूंनी हवेलीच्या दारातच हाक मारली.

“अगं बाई, मराठी! कुठली गं तू?”

“सोलापूरकडची.”

“आडनाव?” हे काकांनी विचारलं. मी सांगितलं. त्यावरून त्यांना काही कळेना, म्हणून त्यांनी तालुका विचारला. त्यावरूनही कळेना, तेव्हा मीच म्हटलं, “आम्ही वडार, काका.”

“अच्छा, अच्छा,” काका म्हणाले. “चांगलंय. कष्टाची सवय असते तुमच्या लोकांना.”

“तुमच्या लोकांना कसली असते?”

“बाबा, पुढे चला ना यार,” मुलगा म्हणाला. काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या.

काका इरिगेशन खात्यातून निवृत्त झालेले. बशांकडे त्यांनी बघितलंही नाही. मागच्या दाराने बाहेर पडले ते थेट खाचरांच्या बांधावर. तिकडे टूर जात नसे. बांधावर एक छोटी पाटी होती, ‘पक्षिनिरीक्षण मार्ग’. काकांनी टाचेने माती दाबून बघितली, उताराकडे एक डोळा मिटून बघितलं आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

“काय सुंदर बांध आहे! एवढी वर्षं भरती-ओहोटीचं पाणी खातोय आणि बसलेला नाही. डिझाइन कुणाचं?”

“ज्यांना पकडून आणलं त्यांचं. भाताची शेती त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तिकडे आफ्रिकेतच येत होती.”

“तसं नव्हे. सुपरव्हिजन कुणाचं?”

“काका, तुमच्या धरणांवर माती कोण टाकत होतं?”

“लेबर.”

“कोण लेबर?”

“अगं, लेबर कॅम्प असायचा साईटवर. काम संपलं की कॅम्प हलायचा. कॅम्प हलला की आम्ही काम पूर्ण झालं असं लिहायचो.” हे ते अगदी सहज म्हणाले, त्यात वाईट काही नव्हतं. “आणि हे बघ, आपल्याकडे मजुरी देत होते हो. गुलामी नव्हती ती.”

काकू मागून आल्या होत्या. “अहो, आयुष्य साईटवर गेलं तुमचं. कॅम्पातल्या एका बाईचं नाव सांगा बरं.”

काका खरंच आठवायला लागले. “मुकादमाचं सांगतो.”

“मुकादम बाई होता का?” काकू म्हणाल्या.

ते गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. लोक हवेली बघायला येतात आणि खोल्या बघून रडतात, पण सगळ्यात मोठं बांधकाम होतं ते हे, आणि त्याच्यावरून माणसं दुर्बीण घेऊन बगळे बघत चालली होती. या उद्यानात मातीचा अर्थ कळणारी एकच गाईड होती आणि तिला बशांवर ठेवलं होतं. मी त्या आठवड्यात टॉमला बांधाच्या टूरचा पूर्ण मसुदा दिला. थर कसे घातले, दलदल कशी कापली, लाकडी दारांनी खारं पाणी बाहेर कसं ठेवलं, कमरेएवढ्या चिखलात माणसं कशी मेली, सगळं.

टॉमने तो दोनदा वाचला. “छान आहे. पण निर्णय माझा नाही. इथल्या पूर्वजांबद्दल काही नवं करायचं तर त्यांच्या वंशजांची कमिटी हो म्हणावी लागते. जुलैत त्यांचा मेळावा आहे. त्यांना टूर करून दाखव.”

“कमिटीत कोण?”

“मिस रूबी अध्यक्ष आहे.”

अर्थात!

ती टूर मला हवी होती. इतकं दुसरं काही मला या देशात हवंसं वाटलेलं नाही, ग्रीन कार्डसुद्धा. मी रोज कामानंतर बांधावर पाठ करायचे. मिस रूबी घरी जाताना गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि म्हणायची, “उन्हाकडे तोंड, बेबी, उन्हाकडे,” आणि निघून जायची. मला तेही खुपायचं.

मेळाव्याच्या दिवशी बसगाड्या भरून माणसं आली. अटलांटाहून, फिलाडेल्फियाहून. सगळ्यांच्या अंगात जांभळे टी-शर्ट, पाठीवर कुळाचं नाव आणि त्याखाली झाड. ओकच्या झाडांखाली तळलेले मासे, बटाट्याचं सॅलड, गाणी लावलेली. लहान पोरं खोल्यांच्या भिंतीशी लपाछपी खेळत होती आणि कुणी त्यांना ओरडत नव्हतं, कारण जागा त्यांची होती. मी प्रत्येक टी-शर्टवर जळले.

टूर उत्तम झाली. खोटी नम्रता कशाला? दाढी पिकलेले गृहस्थ फोनवर बोलणं थांबवून ऐकत होते. पाण्याच्या दारापाशी मी सांगितलं, की बांध फुटतो तो वरून नाही, खेकड्याच्या बिळातून फुटतो, म्हणून कुणीतरी रोज पूर्ण बांध चालायचं आणि ते चालणं मालकाला कधी कळलं नसेल. एक बाई म्हणाली, “आमेन.” मिस रूबीने माझ्याकडे बघून मान हलवली. जिंकल्यासारखंच होतं.

तिथे थांबायचं होतं. पण चळवळीत आमचा एक रिवाज आहे. धरणावर दरवर्षी जमतो तेव्हा भाषण नाही, आधी श्रमदान. बंधाऱ्याची झीज झालेल्या जागी प्रत्येकाने एक घमेलं माती टाकायची. त्यात पहिलं घमेलं सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात देतात. त्याहून मोठा मान आमच्याकडे नाही. माझ्या आजीला ते मिळालं तेव्हा तिने नवं लुगडं नेसलं होतं. मी आदल्या दिवशी दुकानातून काळी रबरी घमेली आणून झुडपामागे चिखलाने भरून ठेवली होती. टॉमला सांगितलं नव्हतं. वरचा नियम मला पाठ होता, पण नियम भूमिकेबद्दल होता. हे नाटक कुठे होतं? हा मान होता.

मी भरलेलं घमेलं उचललं, दोन्ही हातांनी पुढे केलं आणि मिस रूबीच्या मावशीसमोर गेले. आंटी वेल्मा. ऐंशीच्या पुढची, पांढरी टोपी, हातात काठी. म्हटलं, “पहिलं तुमचं, मॅम.”

आंटी वेल्माने घमेल्यातल्या चिखलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नो, मॅम,” ती हळू म्हणाली.

मिस रूबीने माझ्या हातातून घमेलं काढून घेतलं आणि बांधाखाली ओतून दिलं. “हे काय होतं?”

“श्रमदान. आमच्याकडे हा मान…”

“मान. गुलामी संपली तरी हिची आई याच चिखलात मजुरीला होती, त्यातच कंबर मोडून मेली. ही शिवण शिकली, तिच्या पोरी नर्स झाल्या, कशासाठी? हा चिखल परत हाताला लागू नये म्हणून. आणि तू तो तिला टोपलीत भरून देतेस? इथे? या जागेवर?”

कुणीतरी पोरांना झाडाकडे नेलं. मी सॉरी म्हणायला हवं होतं, कुणीही म्हटलं असतं. माझ्या तोंडातून दुसरंच निघालं.

“तुम्हाला निदान यायला जागा आहे! बस करून येता, टी-शर्ट छापता, तुमच्या माणसांवर सरकार छप्पर घालतं. माझ्या पणजीवर गाड्या लावतात. आम्ही माती टाकली नाही तर आमचं कुणी होतं हेसुद्धा कुणी म्हणणार नाही!”

मिस रूबी एक पाऊल पुढे आली. “तू आमच्यावर जळतेस?”

“हो.”

“आमच्यावर? याच्यावर?”

“हो!”

आंटी वेल्मा हसली. आधी नाकातून, मग काठीवर रेलून, खांदे हलेपर्यंत. “लॉर्ड,” ती म्हणाली, “या जमिनीवर आमचा हेवा करणारं माणूस मरायच्या आत बघायला मिळालं.” आणि तिच्यामागचे चार-पाच जण पण हसले, बळेबळे.

मिस रूबी हसली नाही. “हे आम्हाला कुणी दिलं असं वाटतं तुला? माझी आई त्या गेटवर बसायची. इथे लग्नं व्हायची तेव्हा वऱ्हाडाच्या गाड्यांपुढे खुर्ची टाकून बसायची, चर्चची टोपी घालून. तिला उचलून नेलं की दुसऱ्या शनिवारी परत. ती मेली तेव्हा तो फलक नव्हता. तिने तो बघितलेला नाही.”

मी एवढंच म्हटलं, “पण तुम्ही जिंकलात.”

“हं,” ती म्हणाली. “आणि तुला जिंकलेल्यांचा बांध हवाय.”

टॉमने मला काढलं नाही. मेळाव्यानंतरच्या सोमवारी त्याने बोलावून कमिटीचा निर्णय सांगितला. बांधाची टूर होणार. मसुदा रेखाचा, एका ओळीचाही बदल नको. गाईड मात्र घरचं माणूस. मिस रूबीची भाची, नाव केला, शाळेत विज्ञान शिकवते, शनिवारी येईल. तिला मातीकाम रेखाने शिकवावं.

“आणि मी नाही म्हटलं तर?” मी विचारलं.

“मग ती पुस्तकातून शिकेल,” टॉम म्हणाला. “वाईट शिकेल.”

त्याने बरोबर जागी बोट ठेवलं. वाईट बांधलेला बांध आमच्या लोकांना बघवत नाही.

केलाला मी शिकवलं. पायथा रुंद का, थर वीतभरापेक्षा जाड का नको, मुळं का वेचायची, ओल किती हवी ते मुठीत लाडू वळून कसं बघायचं. तिने हात चिखलात घातला. स्वतःहून घातला, मी सांगितलं नाही. मिस रूबी बाकावर बसून बघत होती. केला हुशार आहे, भराभर विचारते, तिच्या आवाजात तो गोडवा आहे जो माझ्यात नाही. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, “थर ठोकताना ही माणसं काही गात असतील ना? टूरमध्ये एक गाणं हवं. तुमच्याकडे काय म्हणायचे?”

आमच्याकडे आहे. धुमसाचं. माती ठोकायचा लाकडी धुमस घेऊन चार बायका उभ्या राहतात. एक ओळ घालते, तिघी उत्तर देतात आणि उत्तरावर धुमस पडतो. पणजीने आजीला दिलं, आजीने मला. ते कुठल्या सभेत म्हटलेलं नाही, कुठल्या पत्रकात छापलेलं नाही. त्या बांधावर ते शोभलं असतं. लोक त्याला रडले असते.

केला थांबली होती. मी म्हटलं, “तुमच्याकडचं काय होतं ते आंटी वेल्माला विचार. आमचं आहे, पण ते द्यायचं नाही.”

केलाचा चेहरा जरा उतरला. बाकावरून मिस रूबी म्हणाली, “शाबास.” त्या बाईने मला दिलेला हा पहिला कौतुकाचा शब्द, आणि तो नकाराला दिला.

आता शनिवारी केलाची टूर सगळ्यात आधी भरते. टॉम म्हणतो, खोल्यांपेक्षा जास्त लोक बांधावर जातात. मी बशा दाखवते. खिडकीतून दिसतं, पाण्याच्या दारापाशी ती थांबते, खेकड्याच्या बिळाचं सांगते, माझेच शब्द, आणि माणसं टोप्या काढतात. हेवा रतीभर कमी झालेला नाही. झालाय असं लिहिलं तर लेखाचा शेवट गोड होईल, पण ते खोटं ठरेल.

पाहुणे पुढच्या खोलीत गेले की मी पियानोपाशी उभी राहून ओठांतल्या ओठांत पहिल्या बाईची ओळ म्हणते. पुढे जाता येत नाही, उत्तर द्यायला तिघी लागतात. गावी आत्याला फोन करून विचारलं, तुला येतं का? म्हणाली, येतं की, पण एकटीने म्हणायचं नसतं ते, आधी तू ये. माझी ओपीटी मार्चमध्ये संपते. त्यापुढच्या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज टॉमने सही करून टेबलावर ठेवलाय. मी तो उचललेला नाही. आत्या धरून आम्ही दोघी झालो, अजून दोघी हव्यात.